चिंताकीवर पडलेला कल्लु

बिदरहून मोटर सकाळी आठला सुटते असं मला सांगितलं होतं. साडेदहाला ती खरोखरच सुटली आणि जनवाड्याला पाण्यासाठी थांबली. पाणी मोटर प्याली, आम्ही उन्हात उभे राहून पाहिलं.

शेजारी चिंताकीचे एक शेतकरी होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. फाल्गुनातल्या गारांनी त्यांच्या गावचा शाळू आडवा केला होता. निजाम सरकारने बियाण्याची मदत मंजूर केली, आसपासच्या गावांना ती मिळालीही. चिंताकी तेवढी यादीत नव्हती. मृग आठ दिवसांवर आला होता. वरच्या कचेरीने त्यांना तालुक्याला जा म्हणून सांगितलं होतं. आणि त्या वरच्या कचेरीकडे त्यांना तालुक्यानेच पाठवलं होतं.

तालुक्याच्या गावी मोटरीने राम म्हटला. मला वेळच वेळ होता, म्हणून अप्पांबरोबर कचेरीत गेलो. मुनशी तेलंगणाकडचे, सज्जन, सुपारी कातरत बसलेले. त्यांनी पंचनाम्याचा उर्दू कागद काढून वाचला.

"फसल कल्लु से बरबाद हुई, बोलके लिखा है. शराबियां को इमदाद (मदत) नहीं मिलती."

अप्पा माझ्याकडे पाहू लागले. "पीक कशानं गेलं म्हून यांनीच इचारले. म्या कल्लु म्हनलो. आमच्या घरात कानडी बोलतेत. कल्लु म्हंजी दगड. आभाळातनं पडलेले."

तेलुगूत कल्लु म्हणजे ताडी. मुनशींनी ऐकलं ते इमानदारीने लिहिलं होतं.

मी हे समजावून सांगितलं. मुनशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गारा शिल्लक असतील तर पुरावा म्हणून आणा, असं सुचवलं. अप्पांनी पटका काढून टाळूवरची खोक दाखवली. मुनशींनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

"पीके भी गिरते ना लोगां," ते म्हणाले.

कागद दुरुस्त करायचा तर तो हैदराबादला जाणार, म्हणजे परत येईपर्यंत पोळा. एकच वाट होती. मी आणि माझ्या गावाने ताडी सोडली असं अप्पांनी लिहून द्यायचं, की बियाणं आजच. मुनशींना मनापासून मदत करायची होती, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येईना. अप्पांच्या घरात कुणी ताडीचा वासही घेतला नव्हता. मला संताप आला. पण पेरणी माझी नव्हती.

अप्पा बराच वेळ पटका गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "कुठं करू सही?"

साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

संध्याकाळी पोत्यांच्या गाडीतून चिंताकीला पोचलो. अप्पांच्या घरच्या अक्कांनी भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) वाढली. भाजी इतकी छान होती की मी तीनदा घेतली.

"बियानं कामून अडकलं होतं वो?" अक्कांनी विचारलं.

"कागुद चुकला होता," अप्पा म्हणाले.

अक्का माझ्याकडे वळल्या. "आता तरी नीट लिहिले न्हवं? गारांनी गेलं म्हून?"

"व्हय," मी म्हणालो. अप्पांनी ताटातून मान वर केली नाही.

दोन दिवसांनी बिदरला परतलो. तिथे राहणाऱ्या माझ्या बहिणीला सगळं सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली. मीही हसलो, पण मला लाज वाटत होती. जन्मात न प्यालेल्या एका माणसाने ताडी सोडली अशी नोंद आता सरकारी दप्तरात आहे, आणि ती खरी असल्याची ग्वाही मी दिली आहे.