सीटखालचा नाडा

लग्न उरकलं की लोक नवरा-नवरीला घेऊन निघून जातात आणि मागे लॉनवर काय काय टाकून जातात ते आम्हाला विचारा. हारांच्या तारा, टाचण्या, मांडववाल्याचे खिळे, कुल्फीच्या काड्या. एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळी सापडली होती, ती न्यायलाही कुणी आलं नाही.

नाशिकच्या बाहेर, शेवंतीच्या आणि कोथिंबिरीच्या मळ्यांना लागून हे लॉन्स आहे. मालक दुसरे, सांभाळायचं आम्ही दोघांनी. साफसफाई माझ्याकडे, गवत आणि यंत्रं आमच्या ह्यांच्याकडे. शिवाय हे फेटे बांधतात. नवऱ्या मुलाकडची माणसं ह्यांच्यासमोर रांग लावून उभी राहतात. दोन मिनिटांत एक फेटा, आणि तुरा असा ताठ की वरातीत कितीही नाचा, जागचा हलत नाही. ती दहा बोटांची कला आहे, नऊ बोटांनी जमायची नाही. हे वाक्य मी ह्यांना गवत कापायची गाडी आली त्या दिवसापासून ऐकवते आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

ही गाडी म्हणजे छोटा ट्रॅक्टरच. वर बसून चालवायची, पोटाखाली पाती फिरतात आणि कापलेलं गवत बाजूच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. ती आली तेव्हा दुकानातून एक मेकॅनिक आला होता. बिचाऱ्याने उन्हात उभं राहून तासभर समजावलं. आधी लॉनवर पायी फिरायचं, तार-खिळा दिसेल तो वेचायचा, मगच गाडी काढायची. ओलं गवत कापायचं नाही, उतारावर आडवी चालवायची नाही, मागे घेताना मागे बघायचं. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही. पात्यात काही अडकलं तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, प्लगची वायर सोडवून मगच हात घालायचा. आणि सीटखाली एक बटण आहे, पाती चालू असताना माणूस उठला की गाडी आपोआप बंद पडते. ती बिघडली असं समजू नका काका, तुमच्या भल्यासाठीच बंद पडते, असं तो दोनदा म्हणाला.

हे सगळं मला पाठ आहे. कारण मी ऐकत होते. हे तेव्हा बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले होते. देवळाली कॅम्पात तीस वर्षं गॅरेज चालवलं ना, मग ह्यांना कोण काय शिकवणार? मेकॅनिक गेल्यावर मला म्हणतात, त्याच्या वयाएवढी तर मी इंजिनं खोललीत.

आता गंमत बघा. पायी फिरून वेचायचं तर अर्धा तास जातो. तेवढा धीर ह्यांच्याजवळ असता तर मी कशाला बोलले असते? हे सरळ गाडीवर बसायचे, आणि पुढे तार दिसली की उतरायचे. उतरले की गाडी बंद. पुन्हा चढा, पुन्हा किल्ली फिरवा, दहा पावलांवर पुन्हा टाचणी, पुन्हा उतरा. सकाळभर ते चढणं-उतरणं आणि त्या मुक्या यंत्राला शिव्या. मी पायऱ्या झाडता झाडता सांगायचे, अहो, बादली घेऊन आधी एक चक्कर मारा. ह्यांना ऐकू यायचंच नाही. फेट्याचं कापड टरकन फाटलं तर तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं बरं का.

मग आली खंडेनवमी. दरवर्षी आम्ही त्या दिवशी सगळी हत्यारं-अवजारं मांडून पुजतो. खुरपी, कात्र्या, पाण्याचा पंप, आणि त्या वर्षी ही गाडीही. पूजा नेहमी मी करते, हे लांबून नमस्कार करून चहा मागतात. त्या दिवशी मात्र स्वतःहून पुढे आले. झेंडूचा हार घातला, माझ्या ताटातला लाल नाडा घेतला, एक तुकडा स्वतःच्या मनगटाला बांधला आणि दुसरा घेऊन गाडीच्या सीटखाली वाकले. मला वाटलं, चला, या वयात का होईना, देवाधर्माचं सुचलं. डोंबल सुचलं!

दुसऱ्या दिवशी बघते तर हे उतरले तरी गाडी आपली घरघरतेच आहे. पातीसुद्धा. मी सीट उचलून पाहिलं. नाड्याचे पाच-सहा वेढे देऊन ते बटण दाबून बांधलं होतं, वर पक्की गाठ. आता हे गाडीवर असोत की नसोत, गाडीला वाटणार माणूस बसलाच आहे. मी गाठीला हात घातला, तर हे शांतपणे म्हणाले, "पूजेचा नाडा आहे. सोडतेस?"

माझा हात तिथेच थांबला. आमच्या माहेरी पूजेचा नाडा कुणी कापत नाही, तो आपोआप झिजून गळून पडेपर्यंत ठेवतात. ह्यांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर दोरी सोडून नाडाच वापरला. माझ्या तोंडाला कुलूप लावायला माझ्याच ताटातली वस्तू! राग असा आला की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. पण नाडा मी सोडला नाही. उलट दर शुक्रवारी देवापुढे दिवा लावला की जाऊन त्या गाठीला कुंकू लावायचे, बाई, ह्यांना सांभाळ म्हणून. ज्या गाठीमुळे ह्यांचा जीव धोक्यात होता, तिलाच मी हात जोडत होते. शहाणपणाच्या गप्पा मारणारी मी, आणि ही माझी अक्कल.

तुळशीचं लग्न झालं आणि मोसमातलं पहिलं लग्न आमच्याकडे लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेजवरच्या अक्षता झाडत होते. हे खाली गवत कापत होते, अर्थात न वेचता. कुणाचा तरी गळ्यातला हार गवतात पडला होता, फुलं सुकलेली, आत मात्र लांबलचक तार. ती गेली पात्यात. गाडी कर्कश किंचाळायला लागली. हे उतरले. गाडी चालू, पाती चालू, आणि हे गुडघ्यावर बसून बाजूच्या तोंडातून बाहेर आलेलं तारेचं टोक ओढायला लागले. टोक दोन वेळा मनगटाभोवती गुंडाळलं, पकड चांगली यावी म्हणून.

मी झाडू टाकला आणि धावले. हाक मारली की नाही ते आठवत नाही. किल्ली फिरवून गाडी बंद केली तेव्हा ह्यांचा हात गाडीच्या त्या तोंडाशी गेला होता.

पाती थांबायला तीन-चार क्षण लागतात. ते क्षण देवाने कुणाला देऊ नयेत. मग हे मागे सरकले. शर्टाची उजवी बाही कोपरापासून गायब होती, तिच्या चिंध्या गवतात पडल्या होत्या. तार मध्येच तुटली होती, म्हणून हात बाहेर आला. मनगटावर लाल वळ उठला होता, आणि त्याच्या शेजारी खंडेनवमीचा नाडा जसाच्या तसा. मी तो हात माझ्या हातात घेतला आणि बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग डाव्या हाताची. मग पुन्हा उजव्या हाताची, कारण पहिल्यांदा मोजलेलं खरं वाटेना.

हे म्हणाले, काही झालेलं नाही. आवाज त्यांचा नव्हता.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, महिनाभराचं साठवलेलं सगळं बोलायचं होतं. रडूच आलं. तशीच उठले, फेट्यांच्या पेटीतली कात्री आणली आणि सीट उचलली. हे खाली बसूनच बोलले, अगं, पूजेचा आहे तो. सवयीनेच बोलले असतील. मी नाडा कापला. एक वेढा कापून सुटला नाही, चांगला तीन ठिकाणी कापावा लागला. कात्रीच्या पात्याला कुंकू लागलं. चार शुक्रवारचं, माझ्याच बोटाचं.

मी वळले तर ह्यांनी उजवा हात पुढे केला होता. मनगटावरचा नाडाही काप, असं न बोलता सांगत होते.

"तो राहू दे," मी म्हटलं, "हात आहे तोवर."

हे उठले, पायऱ्यांजवळची बादली घेतली आणि लॉनच्या टोकाला जाऊन वाकून तारा वेचायला लागले.