गोठा तिच्या वाट्याला गेला

माझ्या थोरल्या जावेइतका शेणावर जीव लावणारी बाई कर्जत तालुक्यात दुसरी झाली नाही, आणि आता होणारही नाही, कारण आता शेणाला कोण विचारतंय? बाया सोन्यावर जीव लावतात, नातवंडांवर लावतात. हिने शेणावर लावला आणि त्यात नाव काढलं. मी चौथी पास, ती दुसरीतून शाळा सोडलेली. पण तालुक्याचा साहेब गावात आला की माझ्या दारावरून तिच्या दाराला जायचा. मी ओट्यावरच बसलेली असायचे. रामरामसुद्धा नाही.

चूक माझीच होती म्हणा. सासरे गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा मी डोकं चालवलं. आड माझ्याकडे, ओटा माझ्याकडे, रस्त्याकडचं दार माझ्याकडे. तिला मागचा गोठा आणि उकिरड्याची मोकळी जागा. मधे एकच सामाईक भिंत, तिच्या अलीकडे माझी चूल, पलीकडे तिची. ती नुसती बरं म्हणाली तेव्हा मला वाटलं, बाई भोळी आहे. दोन वर्षं मी या आनंदात काढली. मग तो साहेब आला, उकिरड्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "गोबर गॅसला यापेक्षा चांगली जागा अख्ख्या गावात नाही." माझ्या वाटणीचं त्या एका वाक्यात वाटोळं झालं.

साहेबानं समजावून सांगितलं. विहिरीसारखा गोल खड्डा बांधायचा, त्यात शेण-पाणी कालवून सोडायचं, वर लोखंडी ड्रम उपडा घालायचा. आत गॅस धरला की ड्रम वर चढतो आणि गॅस नळीतून शेगडीला येतो. गाव हसलं. ही हसली नाही. हिने आपलं धरून गल्लीतली चार घरं गोळा केली आणि फर्मान काढलं, "खड्डा समद्यांनी खणायचा. शेन घरटी एक पाटी, रोज. गॅस समद्यांला सारखा. सरकारची न्हाई, पाटलाची न्हाई, आपली टाकी हाय ही." पाचवं घर माझं. माझ्याकडं येऊन म्हणाली, "धाकटे, तुझी नळी लई सोपी. भितीला एक भोक पाडलं की झालं."

मी म्हटलं, "जाऊबाई, सासऱ्यांनी बांधलेली भित हाय. निम्मी माझी. भोक पडायचं न्हाई. आन शेनाच्या वाऱ्यावर सैपाक करायला आमी काय उपाशी मरतोय व्हय?"

"बरं," म्हणाली आणि गेली. तिचा हाच गुण मला कधी सोसला नाही. भांडायला गेलं की ती बरं म्हणायची.

त्यानंतर त्या बाईचं जे सुरू झालं ते विचारू नका. रोज सकाळी उठली की देवाआधी ड्रमचं दर्शन. ड्रम किती चढला ते ती आपल्या अंगावर मोजायची आणि गल्लीभर सांगायची, "आज कमरेला लागला. आज बरगडीला लागला." एकदा भर पंगतीत व्याह्यांना म्हणाली, "आज गळ्यापर्यंत आलंय बघा," तेव्हा व्याहीबुवांनी ताटातला लाडू खाली ठेवला. रस्त्यात शेण दिसलं की ते सोडून पुढं जाणं तिला जमतच नसे. भाचीच्या लग्नाहून आम्ही बैलगाडीनं येत होतो. हिच्या अंगावर आहेराचं कोरं लुगडं. मधेच ओरडली, "थांबवा, थांबवा!" मला वाटलं, गाडीखाली कोणी आलं. ही उतरली, रुखवताची रिकामी दुरडी घेतली आणि दुसऱ्याच्या बैलानं टाकलेलं शेण भरून घेऊन आली. वर माझ्या मांडीशी ठेवलं. "लक्ष्मी पडलीय आन तुमी तोंड फिरवून बसता," म्हणाली. वासावरून सांगायची, ही म्हैस कडब्यावर आहे, ही गाय हिरव्यावर. आमच्या गाईचं शेण नुसतं लांबून बघून एकदा म्हणाली, "तिला पेंड कमी घालतीस तू." खरं होतं. म्हणूनच राग आला.

पण मला सगळ्यांत जाळलं ते तिच्या भांड्यांनी. गॅसवर पातेली काळी होत नाहीत. आमच्या भागात पातेली फळीवर नीट मांडतात. हिने ती खुंट्यांना टांगली, आणि बुडं दाराकडे करून! येणाऱ्या-जाणाऱ्याला पांढरीशुभ्र बुडंच दिसावीत. मी राखेनं घासून घासून बोटं सोलली, पण माझी बुडं काळी ती काळीच. गल्लीत पाच घरं, आणि धूर एकाच घरातून निघायचा. बाजाराहून येणारा माणूस वेशीतून सांगायचा, धाकटीच्या घरी चूल पेटली. आमच्या मालकांनी एकदा भीत भीत विचारलं, "नळी घ्यायची का गं?" मी त्यांना त्या दिवशी भाकरी करपवूनच दिली.

मग पोळा आला. ज्या टाकीनं घराला बैलासारखं राबून खाऊ घातलं, तिला पोळ्याला उपाशी कशी ठेवायची, असं हिच्या मनानं घेतलं. ड्रमला गेरू लावला, बेगड चिकटवली, झुलीऐवजी आपलं जुनं लुगडं पांघरवलं, ओवाळलं, आणि ज्या तोंडातून शेण घालायचं त्यातून पाच पुरणपोळ्या आत सोडल्या. तिचं बघून बाकी तिन्ही घरच्या बायांनी सोडल्या. वर गूळ, वर कटाची आमटी. मी भिंतीच्या फटीतून बघत होते. तिसऱ्या दिवशी टाकीचं पोट बिघडलं. आंबूस वास सुटला, शेगडी फुस्स करायची आणि विझायची. हिने ओवा घातला, हिंग घातला. शेवटी साहेबाला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला आणि टाकीला थोडी चुन्याची निवळी नि आठ दिवस उपास सांगितला. त्या आठ दिवसांत पाचही घरांतून धूर निघाला. मला दोन घास जास्त गेले, खोटं कशाला बोलू? मी मुद्दाम जाऊन विचारलं, "काय जाऊबाई, कशी हाय तब्येत?" तर म्हणते, "पोट जित्याचंच बिघडतं, धाकटे. दगडाचं न्हाई." आणि नवव्या दिवशी ड्रम परत कमरेला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, ज्यांनी बघितला त्यांना ठाऊक आहे. गल्लीतली जनावरं एकामागून एक छावणीत गेली. शेण थांबलं. कालवायला पाणीही नव्हतं. ड्रम रोज उतरत चालला. ती अजून मोजायचीच, पण आता कोणाला सांगायची नाही. गुडघ्याला आला, मग पोटरीला. साहेबानं सांगितलं होतं, एकदा टाकी वाळून भेगाळली की ती परत बांधावी लागेल, आणि तेव्हा बांधायची ऐपत कोणाची होती? जनावरं फक्त माझ्याकडं राहिली होती, एक गाय आणि एक म्हैस, कारण कडब्याची गंजी मी राखली होती. पाणीही माझ्याच आडात, तळाला का होईना. माझी वाटणी शेवटी बरोबर निघाली होती. आता ती माझ्या दारात येईल, पदर पसरील, आणि मग मी काय काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं.

ती आली नाही. एका सकाळी पलीकडून चुलीचा धूर आला आणि खोकला. मी फटीतून बघितलं. बाभळीची हिरवी काटकी फुंकत होती, डोळ्यांतून पाणी, पदर तोंडाला. खुंट्यांना पातेली तशीच टांगलेली, पण बुडं भिंतीकडे वळवलेली.

मला बरं वाटायला हवं होतं. दहा वर्षं त्याची वाट बघितली होती. पण ती वळवलेली बुडं बघून माझं डोकंच फिरलं. एवढी मिरवणारी बाई, हरायचं तर नीट हरावं, असं लपवून काय हरायचं? मी पाटीभर शेण उचललं, टाकीपाशी नेऊन आपटलं आणि वर दोन घागरी पाणी आणून ओतलं. तिनं डोळे पुसले, हातानं शेण चाचपलं आणि म्हणाली, "पेंड वाढवलीस जनू. बारीक कालव, गोळे ऱ्हायलेत." आभार नाही, काही नाही. दोघी कोपरापर्यंत हात घालून कालवत बसलो. असंच रोज. पंधरवड्यानं ड्रम हलला. घोट्याच्या वर दोन बोटं. ती धावत पहार घेऊनच आली आणि न विचारता भिंतीला भोक पाडलं. मी नाही म्हणायचं विसरले.

मग माझ्याही घरात ती निळी ज्योत आली. दोघींनी एकदम शेगडी पेटवली की गॅस कमी पडायचा, म्हणून ती पलीकडून नळीवर उलथनं वाजवायची. एक ठोका, बारीक कर. दोन, बंद कर. मी उलट ठोकायचे, तू कर. मग ती, मग मी. रोज संध्याकाळी असं चालायचं आणि शेवटचा ठोका नेमानं तिचाच.

पुढं सिलिंडर आले. ड्रम गंजला, टाकी बुजवून तिथं शेवगा लावला. जाऊबाईला जाऊन आता सात वर्षं झाली. तिथंही नंबर तिचाच पहिला. भिंतीतली नळी मात्र राहिली. मुलगा म्हणतो काढू, मी काढू देत नाही. उलथनं अडकवायला बरी पडते. परवा भाकरी करताना उगाच तिच्यावर दोन ठोके मारले आणि थांबले. तवा तापला, भाकरी करपली. पलीकडून काही आलं नाही.

शेवटचा ठोका माझा झाला एकदाचा. मला नको होता.