शालनताईंनी ओतून दिलेली बाटली

शालनताई आज सकाळी गेल्या.
आजाराचं नाव सांगता येईल, पण खरं सांगू? बाई दमली होती.

आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये सेल कल्चर टेक्निशियन. माणसाच्या नाहीतर उंदराच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, हे काम. मी लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. ताई तिथल्या जुन्या.

पेशींना रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. वेळेवर त्यांचं खाणं बदललं नाही की मेल्या.
ताई भाऊबीजेलाही मंगळवार पेठेतून चालत यायच्या. तिकडे भाऊ घरी येऊन ताटकळत बसलेला.
लाइट गेली की आधी इन्क्युबेटरकडे धावायचं, मग जनरेटरवाल्याच्या नावानं शंख करायचा.
आणि लोक म्हणायचे, एसीतली नोकरी आहे, मजा आहे बायकांची.

लॅबच्या प्रमुख सरांना कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी वाढवून हव्या होत्या.
ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा बर्फात यायचा. ताई तो बारीक करून बाटलीत लावायच्या. कधी बुरशी यायची, कधी नुसतंच मरून जायचं. वर्षानुवर्षं हेच.

मग मुरगूडच्या एका आजींच्या पेशी धरल्या.
तळाला चिकटल्या, पसरल्या, वाढायला लागल्या. ताई मायक्रोस्कोपवरून उठायच्या नाहीत. जेवायला हाक मारली तर "आले आले" म्हणून परत डोळा लावायच्या.

आजी मात्र जगल्या नाहीत.
त्यांचा मुलगा रिपोर्ट न्यायला आला तो उभ्या उभ्या रडायला लागला. त्याला बरं वाटावं म्हणून ताई बोलून गेल्या, "आई तुमची आमच्या बाटलीत अजून जित्ती हाय म्हणा."

तिथंच चुकलं.

दिवसकार्य उरकून तो परत आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.
"ताई, निवदाला कावळा शिवंना. सगळं कबूल करून बघितलं. भनीला अंतर देत न्हाय म्हटलं, म्हस इकत न्हाय म्हटलं. न्हाईच शिवला. आईचा जीव तुमच्या बाटलीत आडकलाय."

ताईंनी समजावलं. पेशी म्हणजे जीव नव्हे, माणूस नव्हे.
त्यानं सगळं ऐकून घेतलं.
"व्हय. पर जित्ती हाय असं तुमीच म्हणलासा न्हवं?"

सर कामानं पुण्याला गेले होते, ताईंनी त्यांना फोन लावला. सर म्हणाले, "सहीचा कागद आहे आपल्याकडे. बाटलीला हात लावायचा नाही."

मी ताईंना बाजूला घेतलं. "कावळ्याचं खरं मानता तुम्ही?"
"आमच्यात कुठलं आलंय कावळ्याचं? न्हाय मानत. पर ह्यो मानतोय की. आईची सही हुती, आता पोरगं नको म्हणतंय."

त्याला दारात उभं केलं. आजींच्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि त्यात ब्लीच ओतलं.
मीडियमचा, म्हणजे पेशींच्या त्या खाण्याचा, गुलाबी रंग उतरत उतरत पाण्यासारखा झाला. त्यानं हात जोडले. ताई बाटल्या सिंकमध्ये रिकाम्या करत राहिल्या.

कावळा नंतर शिवला का, कळलं नाही. तो परत आला नाही.

सरांनी गाठीचं काम ताईंकडून काढून घेतलं ते कायमचं. रिटायर होईपर्यंत त्या उंदराच्याच पेशी वाढवत राहिल्या. तक्रार नाही, काही नाही. नुसत्या वाकत गेल्या.

मला फार राग यायचा. एकदा म्हटलंच, "एखादी बाटली मागं ठेवायची होती. त्याला काय कळणार होतं?"
"सगळ्या संपवते म्हणून सांगितलं हुतं गं त्याला."

मग हातातली उंदराच्या पेशींची बाटली मायक्रोस्कोपखाली सरकवून डोळा लावला. 
"वाढत हुत्या गं. माझ्या हातानं पयल्यांदा वाढत हुत्या."

ताई, शेवटचा जय भीम.