अबोली, मी आणि अण्णांचं घर

मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी साठतात, कटपीस आणि किस्से. कटपीस सेलमध्ये जातात. किस्से जात नाहीत, आणि वर्षभरातले माझे सगळे एकीबद्दलच आहेत. अबोली! माझी पाळलेली सापीण. परदेशी जातीची, बिनविषारी, वय एक वर्ष.

केडगावात खाली माझं दुकान, वर घर. दोन्हींचे मालक अण्णा. त्यांनी तिला काचेच्या पेटीत पाहिलं आणि जिन्यातूनच ओरडले, "एक तारखेच्या आत दोघींतली एक घराभाईर पायजे!"

"एकच कशाला? दोघी जाऊ!"

बोलले खरी. पण बारा वर्षांत जमवलेलं गिऱ्हाईक सोडावं लागणार होतं. तरी अबोलीला काढणार? नाव नको!

*

तुम्ही तिला पाहिलेलंच नाही. बदामी अंगावर विटकरी ठिपके, प्रत्येकाला बारीक काळी किनार, पोटाशी काळ्या-पांढऱ्या चौकड्या. दर वेळी कात टाकली की विटकरी आणखी शेंदरी होतो. मी दिवसभर ताग्यांमध्ये उभी असते. असलं कॉम्बिनेशन अजून एका मिलला जमलेलं नाही!

*

एका बाईंना माझ्या मोबाईलवरचा फोटो दिसला. अगदी जवळून काढलेला, नुसता रंग.

"ताई, ह्यातलं ब्लाऊज पीस दाखवा ना."

"हे कापड नाही, साप आहे."

बाई किंचाळून रस्त्यावर. तिथून म्हणतात, "पण रंग हाच पाहिजे हं!"

*

एक गृहस्थ बायकोला घ्यायला आले आणि मलाच दम भरायला लागले. "साप पाळणं कायद्यात बसतं का?"

मी नोंदणीचा कागद पुढे केला. "हो, बसतं. तुमच्या बुलेटचा सायलेन्सर बसतो का?"

*

नागपंचमीला शेजारच्या वहिनी दुधाची वाटी घेऊन हजर. म्हटलं, "दूध नको, ती उंदराची पिल्लं खाते."

वहिनींनी वाटी खाली ठेवली.

"दोन दिवस आमच्याकडं पाठवता का?"

*

एक तारीख उजाडली. टेम्पो दारात लागला, निम्मे तागे चढले. मी पायरीवर बसले होते, मांडीवर पेटी. आदल्याच दिवशी कात टाकून अबोली नुसती झळकत होती. मला मात्र रडू येत होतं, आणि अण्णांसमोर रडायचं नव्हतं.

अण्णा किल्ल्या मागायला आले. मागून काकू, त्यांच्या मंडळी. साप आहे हे कळल्यापासून भीतीपोटी जिना चढल्या नव्हत्या. मला कुंकू लावलं आणि पेटीत वाकून बघतच राहिल्या.

"हात लावू?"

"लावा की."

काकूंनी बोट जिभेला लावलं. नवं कापड घेताना बायका करतात तसं ते ओलं बोट अबोलीच्या पाठीवर घासलं, आणि उजेडात धरून पाहिलं. रंग उतरला नव्हता.

"अगं, चावंल!" अण्णा ओरडले.

काकू त्यांच्याकडे वळल्या. "लग्नात तुमी घेतलेला शालू पयल्याच पान्यात इटला. चाळीस वर्सं बोलले न्हाई."

मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "सामान उतरव रं."