भुवईवर खूण असलेले महाराज

मानवत रोडच्या फलाटावर हवालदारानं आमचं गाठोडं सोडायला लावलं, तेव्हा मनमाडची गाडी येऊन उभी होती. भाकऱ्या, चटणीचा डबा, माझी परकर-पोलकी आणि त्यांच्या घडीत मांजरपाटावर रंगवलेला घोड्यावरचा माणूस. हवालदारानं ते कापड झटकून उलगडलं आणि आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा पांढराफटक पडला. कापडावर रायगडचे महाराज होते. निजामाच्या मुलखात त्या वर्षी गावोगाव टोळ्या फिरत होत्या. अशी तसबीर बाळगायला बंदी होती की नव्हती देव जाणे, पण माणूस उचलून न्यायला तेवढं निमित्त पुरे होतं.

"ये कौन है?" हवालदारानं विचारलं.

माझी माय जन्मात कधी परक्या पुरुषाशी बोलली नव्हती. पदर सावरत ती म्हणाली, "आमचे मालक हायती."

हवालदारानं कापडाकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या आप्पांकडं पाहिलं. तेच गाल, तेच नाक, कपाळावर भस्माचे तेच तीन पट्टे, डाव्या भुवईवर तीच खूण. मालक म्हणजे नवरा, एवढी मराठी त्याला येत होती. तो पोट धरधरून हसला. "क्या सेठ, घोड़े पे कब बैठे?" कापड मायच्या अंगावर टाकून तो पुढच्या गाठोड्याकडं गेला.

बसवंता, तू माझा चुलत भाऊ, पण तेव्हा नुसता कडेवरचा. काका तुम्हा सगळ्यांना घेऊन पोखर्णीच्या मळ्यात गेले होते, म्हणून तुला यातलं काही ठाऊक नाही. परवा तुझं पत्र आलं. शाळेत जुन्या काळाच्या वस्तू मांडायच्यात, अक्का, तुमच्याकडची तसबीर द्या, खाली 'निजामाच्या राजवटीत लपवलेले महाराज' अशी पाटी लावू, असं लिहिलंस. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही बघ. चुलीपुढून उठते, गच्चीवर जाते, परत येते. सून म्हणते, आई, बसा की घटकाभर. बसू कशी? निवांत बसायचं मी त्या फलाटावरच विसरून आले.

आपलं आडतीचं दुकान तू पाहिलं नाहीस. कापूस आणि ज्वारी. गादीच्या वर हुजुरांची, म्हणजे निजामाची, तसबीर. साऱ्या बाजारात असायची तशीच. आप्पा एकदा लग्नाला सोलापूरला गेले, तिथं कुणाच्या तरी ओसरीवर महाराजांचं चित्र पाहिलं आणि तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. आपल्या गल्लीत कादरचाचा राहायचे. दुकानांच्या पाट्या तेच रंगवायचे, मोहरमचे ताबूत तेच रंगवायचे, आणि पोळ्याला आपल्या बैलांची शिंगंही तेच. आप्पांनी त्यांनाच गळ घातली.

"सेठ, सूरत कैसी थी उनकी?" चाचांनी विचारलं. आप्पांना सांगता येईना. दाढी होती, टोप होता, घोडा होता.

"और नाक?"

"नाक... आसंल की नाकासारखं!"

शेवटी चाचा वैतागले. "तो फिर आप ही बैठो सामने." मग दुकानाचं दार लावून आप्पा ज्वारीच्या थप्पीवर दोन्हीकडं पाय टाकून बसले आणि चाचांनी महाराज काढले. दाढी तेवढी वरून चढवली, बाकी सगळा ऐवज आप्पांचा. गादीवर बसून सुटलेलं पोट, तराजूचा आकडा लागून भुवईवर पडलेली खूण, कपाळाला भस्म. घोडा म्हणाल तर टांग्याचा. मायनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया! ह्या घोड्यावर गड कसा चढावा त्येंनी?"

ते कापड हुजुरांच्या मागं, त्याच चौकटीत बसवलं. पुढून हुजूर, मागून महाराज, पाठीला पाठ. आप्पा रोज सकाळी चौकटीला उदबत्ती ओवाळायचे. एकदा वसुलीचे साहेब आले, ते बघून लय खूश झाले. "वफादार आदमी है," म्हणाले. बाहेर शिडीवर पाटी रंगवत असलेल्या कादरचाचांना तेव्हा खोकल्याची अशी काही उबळ आली की बोलायची सोय नाही.

टोळ्या गावाजवळ आल्या तशी मायनं कापड चौकटीतून काढून गाठोड्यात बांधलं आणि आम्ही फलाट गाठला. गाडी हलली तेव्हा आप्पा फलाटावरच राहिले. दुकानात गावाचं धान्य भरलेलं होतं. "लोकाचा माल उघड्यावर टाकून कसा यिऊ? आठ दिसांत येतोच. तवर महाराजांना सांभाळा," म्हणाले. थोडं गाडीबरोबर चालत आले, मग पोटामुळं दम लागला आणि थांबले. मला दिसले ते तेवढेच.

सोलापुरात मावशीकडं उतरलो. मी शाळेला मदरसा म्हणायची, अर्जाला दरखास्त म्हणायची. पोरी "मोगलाईतली आली, मोगलाईतली आली" म्हणून मागं लागायच्या. मीही गप्प बसणारी नव्हते, एकीची वेणी धरून ओढली होती. पुढं गल्लीत महाराजांचा उत्सव आला. मायनं मोठ्या हौसेनं आपलं कापड नेऊन दिलं. मंडळी जमली, पाहिलं, आणि जी हसायला लागली म्हणतोस! "अहो, हे कुठले महाराज? हा तर बाजारातला आडत्या!"

मायनं कापड खाली उतरवलं, घडी घातली. "आडत्याच हाय," एवढं बोलली आणि घरी आली.

आठ दिवसांचे महिने झाले. भादव्यात निजामाचं राज्य गेलं. गल्लीत पेढे वाटले, मायनं तिचा पेढा आप्पांसाठी ठेवला. आप्पा आले नाहीत, कादरचाचा आले, पत्ता हुडकत. दुकान जाळलं होतं. आप्पा आत होते की कुणी त्यांना नेलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. चाचांवरही त्या दिवसांत काय काय गुदरलं असेल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचा धीर झाला नाही. भिंतीवरच्या कापडापुढं बसून ते लेकरावानी रडले. "सेठ की सूरत रह गई, बेटी," मला म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पांनी उभ्या जन्मात एक फोटो काढून घेतला नव्हता. त्यांचा चेहरा म्हणून जगात उरलंय ते हेच.

माय मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. लोक बोलायचे, बोलू देत. तिन्हीसांजेला दिवा लावून कापडाकडं बघायची आणि म्हणायची, "बसलेत की घोड्यावर. येतीलच."

तुझ्या लेकीच्या लग्नाला आले तेव्हा चौकात महाराजांचा पुतळा पाहिला. ताठ, देखणा, घोडा असा की एका दमात गड चढावा. मी हात जोडले आणि येड्यावानी डावी भुवई शोधत राहिले. खूण कुठली असायला! मला तिथंच लय रडू आलं. तुम्ही समजलात, अक्काला गावातले जुने दिवस आठवले.

पोरगा म्हणतो, देऊन टाक, आपण छापील चांगली आणू. त्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण मला सांग, महाराजांना पाहिलंय कुणी? कापडावर रंग लावायची वेळ आली तेव्हा चाचांनी समोरचाच माणूस घेतला. तुला त्यात इतिहास दिसतो. मला आमचा बाप दिसतो. हे दोघं कात्रीनं वेगळे होणारे असते तर कधीच करून दिले असते रे.

मी रागानं नाही म्हणून लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि फाडलं. मग आज सकाळी उदबत्ती ओवाळताना वाटलं, आप्पांना मानवत सोडायचंच नव्हतं. आम्हीच त्यांना भाकऱ्यांबरोबर बांधून इकडं आणलं. इथं मला अजून मोगलाईतली म्हणतात, तिकडं आले की तुमची पोरं सोलापूरची अक्का म्हणतात. माझं घर कुठलं विचारशील तर हे हातभर मांजरपाट, दुसरं नाही. तेही तुला द्यायला निघालेय.

तर देते. पण चेहरा कुणा शहाण्याकडून नीट करून घ्यायचा नाही. पोट, भुवई, टांग्याचा घोडा, सगळं जसंच्या तसं. पाटीवर काय लिहायचं ते तू लिही.

पोष्टानं पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येईन, त्याच फलाटावर उतरेन. तू घ्यायला ये. आणि फलाटावर कुणी विचारलं, हे कोण, तर तू मधे तोंड घालू नकोस. मी सांगीन, "आमचे आप्पा हायती. घरी आणलेत."