अर्धी गोळी

वडिलांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, त्यानंतर डॉक्टरांनी तेल-तूप तोडलं आणि कोलेस्ट्रॉलची एक गोळी कायमची लिहून दिली. वडील गावभर सांगत सुटले, "तेल गेलं, तूप गेलं, हाती गोळ्या आल्या." मी केडगावात राहतो. दर महिन्याला औषधं घेऊन तिसगावला जायचो, देऊन परत यायचो. गोळ्या वेळेवर संपायच्या, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. कर्तव्य करताना माणसाला फारसं काही वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

पण कोलेस्ट्रॉल काही उतरेना. आईच्या भाजीवर तर तेलाचा थेंब दिसत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, गोळी रोज घेता ना?"

"घेतो की. अर्धी मी, अर्धी ही."

त्यांनी काही लपवलं नव्हतं, आम्हीच कधी विचारलं नव्हतं. दोघांचा जन्म ऊसतोडीत गेला. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एक आजारी पडला की दुसऱ्याचंही काम बुडतं. म्हणून भाकरी अर्धी, चहा अर्धा, तापाची गोळीसुद्धा मोडून दोघांनी खायची. इकडे आईच्या पोटऱ्या चालताना भरून यायच्या, थांबलं की बरं वाटायचं. "ह्यांच्या नसा साफ करती, मग माझ्या बी करंल की," असं तिचं साधं शास्त्र होतं.

डॉक्टर भडकले. आईला तपासलं, तर तिच्या पायाची रक्तवाहिनी खरोखरच अरुंद झालेली. तिला तिच्या वेगळ्या गोळ्या मिळाल्या. परत येताना मी गाडीत दोघांना नाही नाही ते बोललो. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं बाबा. आता आख्खी-आख्खी." तेव्हापासून जेवण झालं की दोघं समोरासमोर बसून आपापली गोळी गिळायचे.

तरी पुढच्या उन्हाळ्यात कांदा भरता भरता वडील गोणीवर टेकले ते उठलेच नाहीत. त्या अर्ध्या गोळ्यांमुळे गेले का, हे मी डॉक्टरांना विचारलं. तसं सांगता येत नाही, म्हणाले. हे घराण्यात असतं, तुम्हीही तपासून घ्या, असंही म्हणाले. तपासलं, तर माझंही कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. गोळ्या आणल्या, पण पाकीट न फोडता खिशातच ठेवलं. रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. माणसं भेटायला यायची, मी आत चहा सांगायचो. दात काढल्यावर गाल बधिर होतो तसा मी सगळाच बधिर झालो होतो.

दहाव्याचे पाहुणे गेले. संध्याकाळी जेवून झाल्यावर आईने गोळी काढली, दाताने मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेला तुकडा हातात धरून बसली.

"आई, आख्खी खायची ना. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"म्हाईत हाय." ती तुकड्याकडे बघत राहिली. "एकटीला आख्खी जात न्हाई रं."

मी खिशातलं पाकीट फोडलं आणि एक गोळी तळहातावर घेतली.

"ही कुनाची?"

"माझी. माझंही वाढलंय."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने हातातला तुकडा तोंडात टाकला, तांब्या उचलून पाणी प्यायली आणि तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"घे. आख्खी घे."

मी गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्या उचलला. आत तिने माझ्यासाठी अर्धं पाणी राखलेलं होतं. ते पाणी बघून मला वडील गेल्याचं कळलं.