मावशींची जीभ, माझं लाल बटण

मी माझ्या मावससासूला जन्मभरासाठी हाकलून दिलं. घरातून नव्हे, तेवढी छाती कुणाची? मोबाइलवरच्या लुडोतून. आणि तेही कोण आहे ते न बघता, चहात बिस्कीट बुडवता बुडवता.

माझी नोकरीच तशी आहे. कशेळीला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर बसून मी ऑनलाइन खेळांतल्या गप्पांमधल्या शिव्या वेचतो. यंत्राला शंका आली की ती ओळ माझ्या पडद्यावर येते. एकटीच, मागचं-पुढचं काही नाही, नावाच्या जागी नुसता आकडा. दहा सेकंदांत हिरवं बटण दाबायचं किंवा लाल. साध्या शिवीला दोन दिवस बंदी, जिवे मारायच्या धमकीला कायमची. त्या दिवशी ओळ आली : "सटवे, तुजी तिरडी आज बांदू का उद्या? चाल की!" मी लाल दाबलं. तेवढ्यात बिस्कीट कपात पडलं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता मावशींविषयी. अख्ख्या शेलार गावात त्यांच्याइतकी मायाळू बाई नाही आणि त्यांच्याइतकी तोंडाळही नाही. या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेल्या मी पाहिल्या नाहीत. नातवाला भरवतात ते "गिल मुडद्या" म्हणून. त्यांच्या खोलीत भाड्याने राहणारा यंत्रमागावरचा कामगार तापाने फणफणलेला असताना ड्युटीला निघाला, तर त्याला दारातच आडव्या झाल्या : "तेरा मुडदा बशिवला, बुखार में किदर जाता?" आणि दुपारभर त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसल्या. शिव्या चालू, पट्ट्याही चालू. गावात असं म्हणतात, की मावशी ज्या दिवशी एखाद्याशी गोड बोलतील, त्या दिवशी त्याने आपलं काय चुकलं ते आठवावं.

माझ्याशी त्या बारा वर्षं गोड बोलतात. जावयाला शिवी देणं त्यांच्या घरी पाप. "जावयबापू, तुमी वर बसा." "जावयबापू, तुमाला वाढू का?" सगळं घर खाली चटईवर एकमेकांचे मुडदे पाडत हसतंय आणि मी खुर्चीवर, लग्नात बसवला होता तसाच.

त्या रविवारीही खुर्चीवरच होतो, हातात बोंबलाचा तुकडा. मावशी चुलीपाशी पेटल्या होत्या. "कोना मेल्यानं माजा लुडो बंद केला, त्याचं बोट झडो! त्याच्या ताटात खडे पडोत!" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. बंदीच्या सूचनेखालची ओळ ओळखीची निघाली. माझ्या ताटात खडा नव्हता, पण हातातला बोंबील मी परत ताटात ठेवला.

"मावशी," मी म्हणालो, "तो मेला मीच."

मावशी पदर सारखा करून म्हणाल्या, "तुमी व्हय, जावयबापू? रस्सा वाढू का?"

याहून बोट झडलेलं परवडलं असतं.

ती सटवी म्हणजे त्यांची बाळपणीची मैत्रीण, अकलोलीची. वर्षापूर्वी अर्धं अंग गेलं, बोलणंही गेलं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालतं. त्या बोटाने ती रोज दुपारी मावशींशी लुडो खेळायची. चाल खेळायला वेळ लावायची, म्हणून मावशी तिला तिरडीवर चढवायच्या. ती एका बोटाने "तूच मर" असं उमटवायची. आजाऱ्याशी बोलतात तसं तिच्याशी न बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला मी लाल केलं होतं. आता तिची सून फोनवर सांगत होती, की सासूबाई फोन उशाशी घेऊन पडून असतात, जेवणाकडे बघत नाहीत.

मी लाल-हिरव्या बटणांचं सांगितलं आणि सुटायचा मार्गही. माफीचा अर्ज भरायचा, 'मी अपशब्द वापरले, पुन्हा वापरणार नाही' यापुढे खूण करायची, की झालं.

"न्हाय करनार," मावशी म्हणाल्या. "पुन्ना वापरनार न्हाय, तर तिच्याशी बोलू काय? सत्यनारायनाची कथा सांगू?" मग वळून विचारलं, "अन् त्या दिशी हिरवं काय काय सोडलंत, जावयबापू?"

मी आठवून सांगितलं. बंदुकीच्या खेळात एकाने एका मुलीला लिहिलं होतं, 'ताई, हे आपलं क्षेत्र नव्हे, आपण भाजी चिरावी, सुखी राहाल.' भाषा स्वच्छ, म्हणून हिरवं.

"मंग पोरगी?"

"खेळ सोडून गेली. जाताना तक्रार लिहून गेली, म्हणून कळलं."

"भुंकनारीला बांदलंत," मावशी म्हणाल्या, "अन् चावनारा मोकला."

सोमवारी मी साहेबांना लिहिलं : आरोपी माझी मावससासू आहे, धमकी ही धमकी नाही, ती मैत्री आहे, चूक माझी आहे, आणि त्या स्वच्छ भाषेवाल्याला बंद करा. उत्तर आलं, 'नियमात मैत्रीचा रकाना नाही.' मी पुन्हा लिहिलं, मग तो रकाना घाला. चार दिवस मी हेच लिहीत होतो. पाचव्या दिवशी कंटाळून त्यांनी बंदी उठवली आणि माझ्या शेऱ्यात 'निर्णयक्षमता संशयास्पद' असं घातलं. स्वच्छ भाषेवाला मात्र अजून खेळतोय; त्याच्यावर माझा रोजचा अर्ज जातो.

शनिवारी दुपारी मावशींनी लुडो उघडला. पलीकडून एकेक अक्षर उमटलं : "मेलीस का गं भवाने?" मावशींनी डोळ्यांना पदर लावला, चुलीचा धूर नसतानाही. मग तिसरा गडी म्हणून मला खेळायला घेतलं. मी खुर्ची सोडून चटईवर बसलो. फासा असा पडला, की मावशींची सोंगटी माझ्या तडाख्यात आली. सासूची सोंगटी कशी मारायची, म्हणून मी दुसरी चाल खेळलो.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"मुडद्या, मारायचं तवा सोडतोस, अन् सोडायचं तवा मारतोस! तुला अक्कल हाय का रं?"